एआयच्या काळात माहिती पारखायला आणि प्रामाणिकपणे लिहायला कसं शिकवावं: सात टप्पे, याच क्रमाने

बहुतेक वर्गांत हे काम शेवटच्या टोकाकडून सुरू होतं. सत्राच्या पहिल्या दिवशी 'एआय वापरायचं नाही' असं बजावलं जातं आणि पुढचे तीन महिने त्यावर कुणी बोलत नाही. मग प्रकल्प जमा होतात. चार-पाच निबंध जरा जास्तच गुळगुळीत वाटतात, कुणीतरी ते एआयचं लिखाण ओळखणाऱ्या डिटेक्टरमध्ये टाकतं आणि वादावादी सुरू होते. 'माहिती साक्षरता' या विषयावरचं व्याख्यान ठेवलं जातं ते गुण लागून गेल्यावर.

माझं म्हणणं एवढंच, की हा क्रम चुकीचा आहे. एखादा संदर्भ खरा की बनावट हे ज्या मुलाला तपासता येत नाही, त्याच्याकडून प्रामाणिकपणाची शपथ घेऊन काही साधत नाही. तो शपथ पाळूनसुद्धा खोटं लिहितो, कारण ते खोटं आहे हे त्याला कळतच नाही. म्हणून आधी पारख शिकवायची, मग नोंद ठेवायला शिकवायचं आणि संशयाचा विषय सगळ्यात शेवटी.

माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांपासून पदव्युत्तर वर्गापर्यंत हे सगळं चालतं. त्यासाठी तुमची एक मोकळी संध्याकाळ आणि वर्गाचे पाच तास लागतील.

टप्पा १. स्वतःचाच प्रश्न आधी यंत्राला सोडवायला द्या

हे वर्गात जाण्यापूर्वी, एकट्याने करायचं. तुम्ही देणार असलेला प्रश्न जसाच्या तसा दोन वेगवेगळ्या चॅटबॉटना प्रत्येकी दोनदा द्या. चार उत्तरं मिळतील. ती छापा आणि नेहमीसारखी लाल पेनाने तपासा. कागदाच्या समासात तीन गोष्टी लिहा: मी याला किती गुण दिले असते, कोणतं वाक्य आपल्या अभ्यासक्रमात नसलेलं आहे, आणि दिलेल्या संदर्भांपैकी किती प्रत्यक्ष सापडले.

चारही उत्तरं आरामात उत्तीर्ण झाली, तर दोष प्रश्नात आहे. 'प्लास्टिक प्रदूषण: कारणे व उपाय' असा विषय दिला, की मुलाने विचार करावा असं त्यात काही उरतच नाही. त्याऐवजी वर्गात वाचलेले दोन लेख घ्या आणि विचारा: 'यांपैकी कोणाचा पुरावा कच्चा आहे? तो भक्कम करायला आणखी काय लागेल?' अर्थात ते दोन्ही लेख चॅटबॉटला दिले तर तो यालाही उत्तर देईल. एआयला सुटणारच नाही असा प्रश्न शोधण्यात मी बऱ्याच रात्री घालवल्या आहेत, तुम्ही घालवू नका. त्यापेक्षा गुणांची वाटणी बदला. वीस गुणांचा प्रकल्प असेल तर माझी वाटणी अशी: शोधाची नोंद ४, संदर्भांची तपासणी ५, कच्चा मसुदा ३, अंतिम लेख ५, तोंडी ३. सगळे वीस गुण अंतिम लेखाला ठेवले, तर मधल्या पायऱ्या कुणी कशाला करेल?

सांभाळा: विद्यार्थ्यांचं लिखाण, विशेषतः नावासकट, चॅटबॉटमध्ये टाकू नका. लहान वर्ग असेल तर वयाची अटही पाहा. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात वर्गात असली साधनं वापरण्यासाठी किमान वय १३ सुचवलं आहे. साधनाच्या स्वतःच्या अटी त्याहून कडक असू शकतात.

टप्पा २. नियम प्रत्येक कामापुरता लिहा

'एआयचा योग्य वापर करावा' या वाक्यातला 'योग्य' शब्द कुचकामी आहे. शिक्षकाच्या मनातलं योग्य वेगळं, मुलाच्या मनातलं वेगळं. वर्षभरासाठी एकच नियमही चालत नाही. प्रयोगवहीला लागू होणारा नियम निबंधाला लागू होत नाही.

कामाचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्यासमोर 'चालेल', 'नोंद करून चालेल' किंवा 'चालणार नाही' लिहा. तुकडे साधारण असे पडतात: विषय सुचवून घेणं, अवघड संकल्पना समजावून घेणं, आराखडा, संदर्भ शोधणं, मसुदा लिहिणं, भाषांतर, शुद्धलेखन आणि वाक्यरचना सुधारणं. पर्किन्स, फर्झ, रो आणि मॅकवॉ या अभ्यासकांनी परीक्षांमधल्या एआयच्या वापरासाठी पाच पायऱ्यांचं मोजमाप मांडलं आहे. एआय अजिबात नाही इथपासून पूर्ण मोकळीक इथपर्यंत त्या पायऱ्या जातात. ते आधाराला घ्यायला हरकत नाही, पण शेवटी नियम तुमच्या प्रश्नाच्या कागदावर, तुमच्या शब्दांत हवा.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो शेवटच्या दोन तुकड्यांत. व्याकरण सुधारणारं साधन किंवा भाषांतराचं ॲप म्हणजे एआय, हे बऱ्याच मुलांच्या डोक्यातही नसतं. 'सर, मी एआय नाही वापरलं, फक्त इंग्रजी नीट करून घेतलं' असं मूल सांगतं, तेव्हा ते बहुधा खरंच बोलत असतं. त्या 'नीट करण्यात' अख्खा परिच्छेद नव्याने लिहून आलेला असतो, एवढंच.

पडताळा: नियम वाचून दाखवल्यावर 'समजलं का?' विचारू नका. तीन प्रसंग सांगा आणि 'चालेल' की 'चालणार नाही' यावर हात वर करायला लावा. एकीने मराठीत लिहून यंत्राकडून इंग्रजी करून घेतलं. दुसऱ्याने पाच मुद्दे मागून घेतले आणि लेख स्वतः लिहिला. तिसऱ्याने मित्राचा मसुदा चॅटबॉटकडून 'वेगळा' करून घेतला. हात दोन्हीकडे सारखे वर आले, तर नियम अजून धूसर आहे.

टप्पा ३. यंत्र काय करतं ते दाखवा (अर्धा तास पुरे)

व्याख्यान नको. एवढंच सांगा, की चॅटबॉट मुळात कपाटातून पुस्तक काढून वाचत नाही. आधीच्या शब्दांनंतर कोणते शब्द येणं संभवतं त्यानुसार तो वाक्य जुळवत जातो. वाक्य खरं असलं काय आणि खोटं असलं काय, ते तेवढ्याच सफाईने येतं. काही साधनं आता इंटरनेटवर शोध घेऊन दुवे देतात. तिथे दुवा बहुधा खरा असतो, पण उत्तरात लिहिलेली गोष्ट त्या पानावर असेलच असं नाही.

मग प्रत्येकाला स्वतः मुरलेला असेल असा विषय निवडू द्या: खेळत असलेल्या खेळाचा एखादा बारीक नियम, आपली शाळा, वाजवत असलेलं वाद्य. त्याबद्दल चॅटबॉटला पाच प्रश्न विचारून चुका मोजायला सांगा. अनोळखी विषयात जे उत्तर विद्वान वाटतं, त्याच धाटणीचं उत्तर ओळखीच्या विषयात कुठे फसतं, हे मुलांना स्वतःच दिसतं.

सांभाळा: 'या शब्दात अमुक अक्षर किती वेळा येतं' यासारख्या ठरलेल्या गमतींवर विसंबू नका. मागच्या वर्षी चुकलेलं यंत्र या वर्षी वर्गासमोर बरोबर उत्तर देतं आणि हसं तुमचं होतं.

टप्पा ४. तपासणी (पूर्ण दोन तास, घाई करू नका)

सगळ्या मार्गदर्शकाचा गाभा हाच. बाकीचे टप्पे थोडे कमी-जास्त झाले तरी निभतं, हा कच्चा राहिला तर काहीच टिकत नाही.

आपण मुलांना सहसा 'उभं' वाचायला शिकवतो: पान वरपासून खालपर्यंत वाचा, लेखक कोण, तारीख कोणती, भाषा कशी, हे पाहा. कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठ ग्रंथालयात २००४ मध्ये तयार झालेली पाच कसोट्यांची यादी अजून अनेक ठिकाणी अशीच शिकवली जाते. अडचण अशी, की यंत्राने लिहिलेलं पान या कसोट्यांना सहज उतरतं. त्यावर तारीख असते, भाषा शुद्ध असते, तळाशी संदर्भही असतात.

म्हणून 'आडवं' वाचन शिकवा. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात ४५ जण होते: इतिहासात पीएचडी केलेले १०, व्यावसायिक तथ्य-तपासनीस १० आणि स्टॅनफर्डचे पदवीचे विद्यार्थी २५. अनोळखी संकेतस्थळ समोर आल्यावर इतिहासकार आणि विद्यार्थी त्याच पानावर रेंगाळले, बोधचिन्हाला आणि भारदस्त नावाला भुलले. तपासनीस मात्र पान जवळजवळ न वाचताच बाहेर पडले, शेजारी नवे टॅब उघडले आणि या संस्थेबद्दल *इतर लोक* काय म्हणतात ते आधी पाहिलं. माइक कॉलफिल्ड यांची चार पावलं याच सवयीवर उभी आहेत: थांबा, स्रोत कोण ते शोधा, त्याच विषयावर अधिक भरवशाचं काही मिळतं का पाहा, आणि विधान मुळापर्यंत न्या.

चॅटबॉटच्या उत्तराला तर स्वतःचं पानच नसतं, त्यामुळे तिथे आणखी एक पाऊल आधी घ्यावं लागतं. वर्गात असं करून घ्या:

1. उत्तरातली विधानं सुटी करा. एका परिच्छेदात सहसा सहा ते आठ तपासण्याजोगी विधानं निघतात. प्रत्येक वेगळ्या ओळीवर, स्वतःच्या अक्षरात.
2. प्रत्येकासमोर त्याची जात लिहा: आकडा, नाव-तारीख, कारण सांगणारं विधान, की नुसतं मत. आकडे आणि नावं आधी तपासा, तिथे चूक लवकर सापडते. कारणांची विधानं सगळ्यात चिवट असतात, त्यांना वेळ ठेवा.
3. संदर्भ अस्तित्वात आहे का? शीर्षक अवतरणचिन्हांत घालून शोधा. शोधनिबंधाला डीओआय क्रमांक (त्या निबंधाची कायमची डिजिटल ओळख) असेल तर तो डीओआयच्या अधिकृत स्थळावर टाका. नंतर त्या नियतकालिकाच्या त्या वर्षाच्या अंकाची अनुक्रमणिका उघडा.
4. तो संदर्भ खरोखर तेच म्हणतो का? निदान सारांश आणि निष्कर्ष वाचा. आकडा घेतला असेल तर तो ज्या तक्त्यात आहे त्या तक्त्यापर्यंत जा.
5. निबंध अजून उभा आहे का? मागे घेतलेल्या संशोधनाची 'रिट्रॅक्शन वॉच'ची यादी सप्टेंबर २०२३ मध्ये क्रॉसरेफ या शोधनिबंधांना डीओआय देणाऱ्या संस्थेने विकत घेतली आणि सर्वांना खुली केली. तिथे नाव टाकायला मिनिटही लागत नाही.

तिसऱ्या पायरीवर मुलं बहुतेक अर्ध्यातच थांबतात. माझ्या एका विद्यार्थ्याच्या यादीत सात नोंदी होत्या. चौथ्या नोंदीतला लेखक खरा, नियतकालिक खरं, खंड आणि पृष्ठक्रमांक नेटके. तो खंड उघडला तर त्या पानांवर भलत्याच माणसाचा भलत्याच विषयावरचा लेख. 'पण सर, डीओआयसुद्धा आहे ना!' तोही टाकून पाहिला. तिसराच लेख उघडला. प्रत्येक तुकडा खरा आणि जोडलेली वस्तू खोटी, असा हा प्रकार असतो. म्हणूनच 'लेखक गूगलवर सापडला' एवढ्यावर बरोबरची खूण करू देऊ नका.

आणि चॅटबॉटलाच 'हे संदर्भ खरे आहेत का?' असं विचारू देऊ नका. न्यूयॉर्कमध्ये एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलाने नेमकं हेच केलं होतं. चॅटजीपीटीने दिलेले निवाडे त्याने चॅटजीपीटीकडूनच खरे असल्याचं वदवून घेतलं आणि न्यायालयात सादर केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. जून २०२३ मध्ये न्यायालयाने ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. वर्गात ही गोष्ट सांगितली की चांगली लक्षात राहते.

सांभाळा: दोन संकेतस्थळांवर तोच मजकूर सापडला म्हणजे दोन स्रोत झाले असं नव्हे. एकाने दुसऱ्याचं उचललेलं असतं, किंवा दोघांनी त्याच यंत्राकडून घेतलेलं असतं. शोधाच्या पानावर सगळ्यात वर येणारा एआयचा सारांशही स्रोत नाही. त्याखालचा दुवा उघडला तर तो कदाचित असेल.

पडताळा: शेवटच्या पंधरा मिनिटांत वह्या बदलून घ्या. शेजाऱ्याने तपासलेल्या एका संदर्भाचा माग फक्त नोंदीवरून पुन्हा काढता आला पाहिजे. नाही निघाला तर नोंद अपुरी आहे.

टप्पा ५. 'स्वतःच्या शब्दांत' म्हणजे काय ते दाखवा

चॅटबॉट येण्याआधीपासून मुलं इथे चुकत आली आहेत. फळ्यावर तीन वाक्यं लिहा.

मूळ: 'शहरी भागातील झाडांची संख्या कमी झाल्यामुळे उन्हाळ्यातील रात्रीचे तापमान वाढते.'

मुलाने 'बदललेलं': 'नागरी परिसरातील वृक्षांचे प्रमाण घटल्याने ग्रीष्मातील रात्रीच्या तापमानात वाढ होते.'

समजून लिहिलेलं: 'शहरातल्या उन्हाळ्याच्या रात्री आता पूर्वीइतक्या थंड का राहत नाहीत? अमुक लेखक याचं कारण झाडं कमी होण्यात पाहतात.'

दुसऱ्या वाक्यात शब्दकोश बदलला, बाकी सगळं तेच. 'वेगळ्या शब्दांत लिहून दे' असं यंत्राला सांगितलं की बहुधा हेच मिळतं, फक्त अधिक सफाईदार. पद्धत साधी आहे: वाचा, पान मिटा, दोन मिनिटं थांबा, लिहा, मग पान उघडून ताडून पाहा. ताडून पाहणं विसरू नका, कारण समजून लिहिताना मुलं मुळात नसलेलं काहीतरी हमखास घुसडतात. आणि वाक्य कितीही आपलं झालं, तरी विचार कुणाचा हे लिहायचंच. 'शब्द बदलले म्हणून संदर्भ नको' हा गैरसमज मी पदव्युत्तर मुलांतही पाहिला आहे.

टप्पा ६. वापराची नोंद लिहायला लावा

प्रकल्पाच्या शेवटी चार ओळी: कोणतं साधन आणि कधी, काय विचारलं, त्यातलं काय ठेवलं, काय टाकून दिलं आणि का. चौथी ओळ सगळ्यात मोलाची.

निरुपयोगी नोंद: 'या प्रकल्पासाठी चॅटजीपीटीची मदत घेतली आहे.'

कामाची नोंद: 'आराखड्यासाठी सहा मुद्दे मागितले. पहिले तीन ठेवले. चौथ्या मुद्द्यासाठी दिलेला अहवाल सापडला नाही म्हणून तो मुद्दा काढला. पाचवा आणि सहावा एकच वाटले. लेख स्वतः लिहिला.'

संदर्भसूचीत नोंद कशी करायची हे तुमच्या शैलीवर आहे. एपीए शैलीत साधन बनवणाऱ्या कंपनीचं नाव लेखकाच्या जागी येतं, एमएलए मात्र साधनाला लेखक मानू नका असं सांगते. दोन्हींचं मार्गदर्शन २०२३ मध्ये आलं. वर्गाने एकच शैली धरावी. प्रकाशन-नीतीसाठी काम करणाऱ्या 'कोप' या संस्थेनेही २०२३ मध्ये स्पष्ट केलं, की एआयला शोधनिबंधाचा लेखक म्हणून नाव देता येणार नाही, कारण ते मजकुराची जबाबदारी घेऊ शकत नाही. मुलांना हे कारण पटतं: चूक निघाली तर उत्तर कोण देणार?

सांभाळा: नियमात बसणारा वापर प्रामाणिकपणे नोंदवला म्हणून एकाचेही गुण कापू नका. पहिल्या नोंदीला शिक्षा झाली, की पुढच्या सगळ्या नोंदी कोऱ्या येतात.

टप्पा ७. संशय आला तर

आधी काय करायचं नाही ते. डिटेक्टरचा आकडा पुरावा म्हणून वापरू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर जानेवारी २०२३ मध्ये आणला. त्यांच्याच माहितीनुसार, दिलेल्या इंग्रजी मजकुरात तो एआयने लिहिलेल्यापैकी फक्त २६ टक्के ओळखत होता आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्क्यांवर चुकीचा शिक्का मारत होता. त्याच वर्षी जुलैमध्ये, अचूकता कमी म्हणून, तो बंद झाला. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे, टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले ९१ निबंध सात डिटेक्टरमधून काढले. सरासरी ६१ टक्क्यांहून जास्त निबंध यंत्राचे ठरले. दुसऱ्या भाषेत जपून, साध्या शब्दांत लिहिणाऱ्या मुलांना याचा सगळ्यात जास्त फटका बसतो.

चुकीचं प्रमाण अगदी १ टक्का धरलं तरी हिशोब करून पाहा. ३०० मुलं, वर्षाला सहा निबंध, सगळे प्रामाणिक. १,८०० निबंधांत १८ निरपराध आरोपी.

'हे तूच लिहिलंस का?' असं चॅटबॉटला विचारणंही व्यर्थ, तो हो म्हणण्याचीच शक्यता भरपूर. प्रश्नपत्रिकेत पांढऱ्या अक्षरांत छुप्या सूचना लपवू नका. मजकूर वाचून दाखवणारं साधन वापरणाऱ्या दृष्टिहीन मुलाला त्या ऐकू येतात आणि सापळ्यात तोच अडकतो. आणि साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने दाखवलेले २५ टक्के म्हणजे २५ टक्के चोरी नव्हे. त्यात अवतरणं आणि संदर्भसूचीही मोजलेली असू शकते, तेव्हा अहवाल उघडून रंगवलेली वाक्यं वाचा.

काय करायचं, ते या क्रमाने. आधी शोधाची नोंद आणि कच्चा मसुदा पाहा. मग फाइलच्या आवृत्त्यांचा इतिहास पाहा, पण बेताने. मजकूर एकाच झटक्यात चिकटवलेला दिसला तरी मुलाने दुसऱ्या ॲपमध्ये लिहून आणलेला असू शकतो. त्यानंतर दहा मिनिटं एकट्याशी बोला, दार उघडं ठेवून, आरोप न करता. 'तू हे यंत्राकडून घेतलंस ना?' हा प्रश्न पहिल्याच वाक्यात आला की पुढचं सगळं बोलणं बचावाचं होतं. माझी सुरुवात अशी असते: 'तिसऱ्या परिच्छेदातला हा मुद्दा मला आवडला. तो तुला कुठे सापडला? आधी काय लिहिलं होतंस? हा लेख निम्मा करायला सांगितला तर काय ठेवशील?' स्वतः लिहिलेल्याला शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला बहुधा वेळ लागतो, पण ते येतं.

बोलताना गडबडणाऱ्या किंवा अडखळणाऱ्या मुलाला हेच प्रश्न कागदावर द्या. गप्प बसणं म्हणजे कबुली नव्हे.

बोलण्यातून काहीच ठोस निघालं नाही, तर गुण द्या आणि विषय तिथेच संपवा. संशयाचे अर्धे गुण कापणं हा तोडगा नाही. निघालं, तर नियमाचा कागद समोर ठेवून कोणता तुकडा मोडला ते त्याच्याकडूनच वाचून घ्या, आणि टप्पा ४ मधली तपासणी त्याच लेखावर पुन्हा करायला लावा.

पहिल्या टप्प्यातले चार छापील कागद तारीख घालून फाइलला लावून ठेवा. पुढचं सत्र सुरू होण्याआधी तोच प्रश्न पुन्हा द्या आणि जुन्या कागदाशेजारी ठेवून वाचा. फरक दिसेल तिथून नियमाचा कागद नव्याने लिहायला घ्या.